माँटेव्हिडिओचा सुवर्णचषक

घरांत कार्य निघालें म्हणजे यजमानाची पहिली परीक्षा आमंत्रणाच्या यादीपाशीं होते. कोणास बोलवावें, दूरच्या पाहुण्यांचा प्रवासखर्च कोणीं सोसावा, मानाचा पाहुणा ऐन वेळीं येत नाहीं असें कळलें तर त्याच्या पाटावर कोणास बसवावें, आणि घरांत आधींच कलह चालू असेल तर तो पाहुण्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून काय करावें, या विवंचना सर्वत्र सारख्याच. राष्ट्रांच्या घरींहि त्या चुकत नाहींत. दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे या लहानशा देशानें दोन वेळां साऱ्या जगाला फुटबॉलच्या कार्यासाठीं आपल्या दारीं बोलाविलें. पहिलें कार्य १९३० सालचें. त्याची हकीकत क्रीडाप्रेमी मंडळींना बहुधा ठाऊक असते. दुसरें त्यानंतर पन्नास वर्षांनीं, ३० डिसेंबर १९८० पासून १० जानेवारी १९८१ पर्यंत, बारा दिवस चाललें. या दुसऱ्या कार्याची वार्ता फारशी कोणी सांगत नाहीं. वस्तुतः त्या बारा दिवसांत जें घडलें तें केवळ खेळाचें नव्हतें.

श्रोत्यांनीं दक्षिण अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. उत्तरेस ब्राझीलचा अवाढव्य विस्तार, पश्चिमेस नदीपलीकडे अर्जेंटिना, दक्षिणेस समुद्राएवढें रुंद पात्र असलेली ला प्लाता नदी, आणि या बेचक्यांत सांपडलेला हा चिमुकला देश. क्षेत्रफळ सुमारें १,७६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कांहींसें अधिक. आणि लोकसंख्या १९८० सालींहि तीस लाखांच्या आंतच. त्यांतले निम्म्याच्या जवळपास लोक एकट्या माँटेव्हिडिओ या राजधानींत राहणारे. बाकी बहुतेक प्रदेश गवताळ माळांचा. गुरें आणि मेंढ्या हेंच तेथलें धन.

एवढ्याशा देशाला फुटबॉलनें जगांत नांव मिळवून दिलें. १९२४ सालीं पॅरिस येथें व १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें ऑलिंपिकचें सुवर्णपदक उरुग्वेच्या संघानें जिंकलें. पुढें १९२९ सालीं बार्सिलोना येथें आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाची परिषद भरली, व पहिल्या जागतिक स्पर्धेचें यजमानपद या देशाकडे आलें. त्याला या विजयांइतकेंच आणखी एक कारण होतें. पाहुण्या संघांचा प्रवासाचा व राहण्याचा खर्च सोसण्याचें आणि नवें क्रीडांगण बांधण्याचें वचन उरुग्वेनें दिलें होतें. त्या वेळीं पात्रतेचे सामने वगैरे कांहीं नव्हतें. आमंत्रणें गेलीं, ज्यांनीं तीं स्वीकारलीं ते आले. असे तेरा संघ जमले, पण युरोपांतून चारच देश आले: फ्रान्स, बेल्जम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया. समुद्रप्रवास दोन आठवड्यांचा. येण्याजाण्यास व खेळण्यास मिळून दोन महिने जाणार, आणि एवढी रजा खेळाडूंना कोण देणार? रुमानियाच्या खेळाडूंसाठीं खुद्द राजा कॅरोल यानें शब्द टाकला, तेव्हां त्यांची सोय झाली. ‘कोंते वेर्दे’ या बोटीवर फ्रान्स, बेल्जम व रुमानिया यांचे संघ आणि महासंघाचे अध्यक्ष ज्यूल रिमे हे एकत्र आले. जगज्जेत्यासाठीं घडविलेली, सोन्याचा मुलामा दिलेली विजयदेवतेची मूर्ति रिमे यांनीं बरोबर आणली होती.

त्या कार्यासाठीं बांधलेल्या क्रीडांगणाचें नांव ‘सेंतेनारिओ’, म्हणजे शताब्दीचें क्रीडांगण. ही शताब्दी कशाची, तें नीट ध्यानांत ठेवावयास हवें, कारण पुढची सारी कथा त्याच्याभोंवतीं फिरते. उरुग्वेच्या पहिल्या राज्यघटनेची शपथ लोकांनीं १८ जुलै १८३० रोजीं घेतली. तिला शंभर वर्षें पूर्ण होत होतीं म्हणून हें क्रीडांगण. एखाद्या राजाचें, सेनापतीचें किंवा लढाईचें हें स्मारक नव्हे; प्रजेनें स्वतःला घालून घेतलेल्या कायद्याचें हें स्मारक. माँटेव्हिडिओचा मुख्य राजमार्गहि त्याच दिवसाच्या नांवानें, ‘१८ जुलै मार्ग’ म्हणून, ओळखला जातो. हुआन आंतोनिओ स्कास्सो या स्थापत्यविशारदानें क्रीडांगणाची आखणी केली. पावसानें बांधकाम रेंगाळलें. १३ जुलैला स्पर्धा सुरू झाली तेव्हां तें तयार नव्हतें, आणि पहिले सामने शहरांतल्या लहान मैदानांवर उरकावे लागले. पण १८ जुलैला, घटनेच्या शंभराव्या वाढदिवशीं, तें उघडलें, आणि यजमान संघानें पेरूवर एका गोलानें जय मिळविला. तो गोल करणारा एक्तोर कास्त्रो याचा उजवा हात लहानपणीं अपघातांत कोपराखालीं तुटलेला होता.

३० जुलैला अंतिम सामना अर्जेंटिनाशीं झाला. नदीच्या दोन तीरांवरचे शेजारी, त्यामुळें प्रेमहि मोठें आणि वैरहि मोठें. चेंडू कोणाचा वापरावा यावरूनच वाद पेटला, व अखेर अर्धा सामना एकाच्या आणि अर्धा दुसऱ्याच्या चेंडूनें खेळण्याची तोड निघाली. बेल्जमचे पंच लांगेनुस यांनीं आपल्या सुरक्षिततेची हमी मागून घेतली, मगच शिटी हातांत धरली. मध्यंतरास अर्जेंटिना २-१ असा पुढें होता. शेवटीं उरुग्वेनें ४-२ असा सामना जिंकला, आणि चौथा गोल त्याच एकहाती कास्त्रोनें केला. दुसऱ्या दिवशीं साऱ्या देशाला सुटी मिळाली; ब्वेनोस आयरेसमध्यें मात्र उरुग्वेच्या वकिलातीवर दगड पडले. वीस वर्षांनीं, १६ जुलै १९५० रोजीं, रिओच्या अफाट माराकाना क्रीडांगणांत याच चिमुकल्या देशानें ब्राझीलला त्याच्याच घरीं २-१ असें हरविलें. त्या संघाचा गोलरक्षक होता रोके मास्पोली. हें नांवहि ध्यानांत असूं द्यावें.

येथवरचा इतिहास गोड आहे. पुढचा तसा नाहीं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत उरुग्वेनें आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा कायदा केला, विद्यापीठापर्यंतचें शिक्षण मोफत केलें, आणि केवळ पत्नीच्या इच्छेनें घटस्फोट मिळण्याची सोय १९१३ सालींच करून ठेविली. एखादा अपवाद वगळतां निवडणुका नियमानें होत, सरकारें शांतपणें बदलत, आणि लोक या देशाला दक्षिण अमेरिकेंतील स्वित्झर्लंड म्हणत. पण हा सारा डोलारा लोकर आणि मांस यांच्या परदेशी विक्रीवर उभा होता. १९५० नंतरच्या वर्षांत ती मिळकत आटूं लागली; महागाई वाढली, बेकारी वाढली, तरुणांपैकीं कांहींनीं ‘तुपामारो’ या नांवाची सशस्त्र संघटना उभारली, आणि तिचा बंदोबस्त करण्याच्या निमित्तानें सैन्य राज्यकारभारांत शिरलें. त्या संघटनेचा बीमोड १९७२ सालींच झाला होता. तरी सैन्य कांहीं छावणींत परतलें नाहीं. कामासाठीं घरांत घेतलेला माणूस काम संपल्यावरहि ओसरीवरून उठेना, असाच तो प्रकार होता. २७ जून १९७३ रोजीं राष्ट्राध्यक्ष बोर्दाबेरी यांनीं सैन्याच्या पाठबळानें संसद बरखास्त केली. कामगारांनीं पंधरा दिवस सार्वत्रिक संप करून प्रतिकार केला, तो मोडून काढण्यांत आला. तीन वर्षांनीं सेनाधिकाऱ्यांनीं खुद्द बोर्दाबेरी यांनाहि दूर सारलें.

पुढचीं वर्षें फार कठीण गेलीं. कामगारसंघ बेकायदा ठरले, डाव्या पक्षांवर बंदी आली, जुन्या पक्षांचे पुढारी राजकारणांतून हद्दपार झाले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप पडलें. लोकसंख्येच्या मानानें पाहतां जगांत सर्वांत अधिक राजबंदी या देशांत आहेत, असें त्या काळीं म्हटलें जाई. राजधानीजवळ ‘लिबेर्ताद’ नांवाचें एक गांव आहे. त्या शब्दाचा अर्थ ‘स्वातंत्र्य’. राजबंद्यांचा सर्वांत मोठा तुरुंग त्याच गांवापाशीं उभा राहिला व त्यालाहि लोक गांवाच्या नांवानेंच ओळखूं लागले. पुष्कळ वर्षें उरुग्वेंतील आया आपल्या मुलांना भेटण्यास ‘स्वातंत्र्यां’त जात होत्या. लाखों लोक देश सोडून गेले. जे राहिले ते हळू आवाजांत बोलावयास शिकले. त्या देशाच्या राष्ट्रगीतांत जुलमी सत्ताधीशांना इशारा देणारें एक स्थळ आहे. बाकीचें गीत लोक पुटपुटल्यासारखें म्हणत आणि त्या स्थळीं आले कीं एकदम आवाज चढवीत. राष्ट्रगीत म्हटल्याबद्दल शिक्षा तरी कशी करावी, हा मोठाच पेच होता!

अशा घरांत १९८० सालीं कार्य काढण्याचें ठरलें. पहिल्या जागतिक स्पर्धेस पन्नास वर्षें होत होतीं, तें निमित्त. आजवर ज्या ज्या देशांनीं जगज्जेतेपद मिळविलें त्या सर्वांना माँटेव्हिडिओला बोलवावें व सुवर्णचषकासाठीं त्यांचे सामने सेंतेनारिओवर लावावेत, अशी ही कल्पना. महासंघाची संमति मिळाली. त्याचे अध्यक्ष त्या वेळीं ब्राझीलचे आव्हेलांझ हे होते. शेजारच्या अर्जेंटिनांतील सेनाधिकाऱ्यांनीं १९७८ सालची जागतिक स्पर्धा आपल्या घरीं भरवून व जिंकून जगापुढें कसें मिरवून घेतलें, तें उरुग्वेच्या सेनाधिकाऱ्यांनीं जवळून पाहिलें होतें. शेजाऱ्याच्या घरचा मांडव पाहून आपणहि मांडव घालावा असें वाटणें ही जगाची रीतच आहे.

जगज्जेते तोंवर सहा देश झाले होते: उरुग्वे, इटली, पश्चिम जर्मनी, ब्राझील, इंग्लंड आणि अर्जेंटिना. त्यांपैकीं इंग्लंडनें आपल्या देशांतील सामन्यांच्या गर्दीचें कारण सांगून नकार कळविला. तो पाट हॉलंडला मिळाला. १९७४ व १९७८ या दोन्ही वेळीं अंतिम सामन्यांत हरलेला हा देश, तेव्हां तो मान अगदींच गैरवाजवी नव्हता. आतांचा यजमान १९३० च्या यजमानासारखा आपल्या गंगाजळींतून खर्च करणारा मात्र नव्हता. दूरचित्रवाणीच्या हक्कांची विक्री हा नव्या काळाचा आहेर. इटलींत ते हक्क सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी या तेव्हां उदयास येत असलेल्या धनिकाच्या हातीं गेले, आणि त्यावरून तेथील सरकारी प्रक्षेपण संस्थेशीं मोठा झगडा झाला. पुढें हेच गृहस्थ त्या देशाचे पंतप्रधान झाले.

सेनाधिकाऱ्यांनीं कार्याचा मुहूर्त मोठ्या चतुराईनें धरला होता, असें तारखा शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे दिसतें. त्यांनीं एक नवी राज्यघटना तयार केली होती. राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या द्वारें राज्यकारभारांत सैन्याचें कायमचें स्थान राहावें, व पहिल्या निवडणुकींत राष्ट्राध्यक्षपदासाठीं सर्वमान्य असा एकच उमेदवार उभा असावा, असा त्या घटनेचा मतलब. तिच्यावर लोकांचा कौल घेण्याचा दिवस ठरला ३० नोव्हेंबर १९८०. सुवर्णचषकाचा पहिला सामना बरोबर एका महिन्यानें, ३० डिसेंबरला. आधीं घटनेस होकार, मग देशभर उत्सव, आणि त्या उत्सवांत सारें जग पाहुणें म्हणून हजर, असा हा बेत.

होकाराविषयीं सत्ताधाऱ्यांना शंका नव्हती. प्रचाराचीं साधनें त्यांच्या हातीं. विरोधकांना सभा भरविण्याचीहि मोकळीक नाहीं. तरी एक गोष्ट त्यांनीं होऊं दिली. १४ नोव्हेंबरला दूरचित्रवाणीवर दोन्ही पक्षांचा वादविवाद झाला. विरोधाच्या बाजूनें एन्रीके तारिगो आणि एदुआर्दो पोन्स एचेव्हेरी हे दोघे बोलले. सात वर्षांत जें कोणी मोठ्यानें उच्चारलें नव्हतें तें लोकांनीं आपल्या घरांत बसून ऐकलें. वाद कोणीं जिंकला याची चर्चा करण्याचें कारणच उरलें नाहीं. ३० नोव्हेंबरला सुमारें ५७ टक्के मतदारांनीं नकार दिला. लष्करी राजवटीनें स्वतः लोकमत घ्यावें आणि स्वतःच हरावें, असें इतिहासांत फार थोड्या वेळां घडलें आहे. त्याहून विशेष असें कीं, निकाल लपविला गेला नाहीं. मतें मोजण्याची जुनी संवय त्या देशाच्या हाडांत इतकी मुरलेली होती कीं सेनाधिकाऱ्यांनाहि ती सोडवली नाहीं.

आतां पंचाईत अशी झाली कीं ज्या आनंदासाठीं मांडव घातला तो आनंदच नाहींसा झाला, आणि पाहुण्यांना तर आमंत्रणें गेलेलीं. मांडव मोडतां येईना. डिसेंबरच्या अखेरीस संघ माँटेव्हिडिओला येऊन दाखल झाले. पृथ्वीच्या त्या गोलार्धांत तो ऐन उन्हाळा. सैन्यानें राष्ट्राध्यक्षपदावर बसविलेले अपारिसिओ मेंदेस अजून अधिकारावर होते. आणि यजमानांकडे बोट दाखवावें असे पाहुणेहि नव्हते: ब्राझीलमध्यें १९६४ पासून व अर्जेंटिनांत १९७६ पासून सेनाधिकाऱ्यांचेंच राज्य चालू होतें. सहा संघांपैकीं तीन देशांत त्या दिवशीं लोकांनीं निवडलेलें सरकार नव्हतें.

सहा संघांचे दोन गट पाडले होते. प्रत्येक गटांतला पहिला संघ थेट अंतिम सामन्यांत. सातहि सामने सेंतेनारिओवरच व्हावयाचे. यजमान संघाचा शिक्षक कोण, तर तोच रोके मास्पोली, १९५० सालच्या विजयी संघाचा गोलरक्षक. संघाचा कर्णधार रोदोल्फो रोद्रिगेस हाहि गोलरक्षकच. उरुग्वेचा संघ १९७८ च्या जागतिक स्पर्धेंत पात्रहि ठरला नव्हता. त्याच्याकडून फारशी अपेक्षा कोणी करावी अशी स्थिति नव्हती. पहिल्या दिवशीं त्यानें हॉलंडला २-० असें हरविलें. रामोस व व्हिक्तोरिनो यांचे गोल. ३ जानेवारीला इटलीशीं गांठ पडली. हा सामना बराच धसमुसळा झाला. मोरालेस यानें पेनल्टीवर आणि पुन्हां व्हिक्तोरिनोनें गोल करून तोहि २-० असा जिंकला, व उरुग्वे अंतिम सामन्यांत पोंचला. इटली आणि हॉलंड यांचा राहिलेला सामना १-१ असा बरोबरींत सुटला. इटलीचा गोल कार्लो आंचेलोत्ती नांवाच्या एका तरुणानें केला. देशाकडून खेळण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती. पुढें शिक्षक म्हणून त्याचें नांव खेळाडू म्हणून झालें त्याहून मोठें झालें.

दुसऱ्या गटांत रंग अधिक होता. अर्जेंटिनाकडे वीस वर्षांचा मारादोना होता. पश्चिम जर्मनी त्याच वर्षीं युरोपचा विजेता झालेला. अर्जेंटिनाविरुद्ध सामना संपण्यास पांचच मिनिटें राहिलीं तोंवर तो पुढें होता, आणि तेवढ्या पांच मिनिटांत दोन गोल खाऊन हरला. त्यांतला एक तर जर्मन खेळाडूनें आपल्याच जाळ्यांत घातलेला. अर्जेंटिना व ब्राझील यांची १-१ अशी बरोबरी झाली. मग ब्राझीलनें जर्मनीचा ४-१ असा धुव्वा उडविला आणि गोलांच्या फरकावर अंतिम सामन्याचें दार उघडलें. ब्राझीलचा तो संघ तेले सांताना यांच्या हाताखालीं तयार होत होता, आणि त्याचा खेळ पाहणाऱ्याला भूल घालणारा होता. त्यांतील सोक्रातेस या खेळाडूविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ग्रीक तत्त्वज्ञानाची आवड असलेल्या बापानें त्याचें नांव सॉक्रेटिसावरून ठेविलें होतें. तो वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर होता, आणि पुढें कांहीं वर्षांनीं आपल्या देशांतील लष्करी राजवटीविरुद्ध, लोकांना आपला राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क मिळावा म्हणून, तो उघडपणें उभा राहिला.

१० जानेवारी १९८१. सेंतेनारिओ भरून गेलें होतें. एका बाजूस उरुग्वे, दुसऱ्या बाजूस ब्राझील. १९५० सालचाच देखावा, फक्त घर बदललेलें. मध्यंतरापर्यंत कोणाचाच गोल झाला नाहीं. त्यानंतर थोड्याच वेळांत बार्रिओस यानें उरुग्वेचा पहिला गोल केला. बासष्टाव्या मिनिटाला ब्राझीलला पेनल्टी मिळाली. सोक्रातेसनें ती चुकविली नाहीं. बरोबरी. १९५० सालीं माराकानावर उरुग्वेचा विजयी गोल एकुणऐंशींव्या मिनिटाला झाला होता. या दिवशीं ऐंशींव्या मिनिटाला व्हिक्तोरिनोनें चेंडू जाळ्यांत घातला. तीन सामने, तीन गोल. स्पर्धेंत त्याच्याइतके गोल कोणीच केले नाहींत. गोलसंख्या पुन्हां २-१, हरलेला पुन्हां ब्राझील, आणि विजयी बाजूस पुन्हां मास्पोली. अशी जुळणी कादंबरीकारानें केली असती तर वाचकांनीं त्याला हंसून सोडलें असतें.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट मैदानावर नव्हती, तर बैठकींवर होती. हजारों लोक एके ठिकाणीं जमूं नयेत यासाठीं ज्या राजवटीनें सात वर्षें जपलें, तिनेंच आपल्या हातानें हजारों लोकांना एका वर्तुळांत आणून बसविलें होतें. अंधाऱ्या मतपेटींत जो नकार त्यांनीं एकएकट्यानें टाकला होता, तो येथें शेजारच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उच्चारतां येत होता. आणि लोकांनीं तो उच्चारला. ही लष्करी राजवट आतां संपणार, संपणार, असा घोष ताल धरून बैठकींवरून उठला. कोणा एकाला धरून नेतां येईना. सारें क्रीडांगणच बोलत होतें. घटनेचें स्मारक म्हणून बांधलेल्या जागेंत, घटना मोडणाऱ्यांच्या आमंत्रणावरून आलेल्या लोकांनीं हें ऐकविलें. सामना संपल्यावर लोकांचे लोंढे १८ जुलै मार्गाकडे लोटले. झेंडे होते, गाणीं होतीं, आणि त्या आनंदांत खेळाचा भाग किती व मताचा भाग किती, हें गाणाऱ्यांनाहि वेगळें करून सांगतां आलें नसतें.

येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. फुटबॉलनें ती राजवट उलथविली असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. काम केलें तें ३० नोव्हेंबरच्या मतांनीं. क्रीडांगणावर फक्त त्याचा आवाज ऐकूं आला. सुवर्णचषकाबरोबर सेनाधिकाऱ्यांचीं छायाचित्रेंहि निघालींच. त्यानंतर लिबेर्तादच्या तुरुंगाचें एकहि दार त्या विजयानें उघडलें नाहीं. खेळाडूंविषयींहि न्यायानें बोललें पाहिजे. ते खेळावयास आले, जीव ओतून खेळले, जिंकले. मांडव कोणीं घातला याचा जाब त्यांच्याकडे मागणें बरोबर नाहीं. आणि खेळांतलें वैभव म्हणाल तर तेंहि टिकलें नाहीं. त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें, त्याच सेंतेनारिओवर, पेरूनें उरुग्वेला २-१ असें हरवून १९८२ च्या जागतिक स्पर्धेची वाट अडविली. ती स्पर्धा इटलीनें जिंकली, जो संघ माँटेव्हिडिओंत एकहि सामना जिंकूं शकला नव्हता.

१९८३ सालीं महासंघानें सेंतेनारिओ हें फुटबॉलचें ऐतिहासिक स्मारक असल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं २७ नोव्हेंबरला, त्या क्रीडांगणापासून थोड्याच अंतरावर, १८३० सालच्या घटनाकारांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभापाशीं लोकांची अपूर्व सभा भरली. उरुग्वेसारख्या लहान देशांत एवढा जनसमुदाय पूर्वीं कोणी पाहिला नव्हता. सर्व पक्षांचे लोक एका व्यासपीठावर होते, आणि आल्बेर्तो कांदेआउ या नटानें सर्वांच्या वतीनें जाहीरनामा वाचून दाखविला. पुढच्या वर्षीं २५ नोव्हेंबरला निवडणूक झाली. १ मार्च १९८५ रोजीं लोकांनीं निवडलेले राष्ट्राध्यक्ष सांगिनेत्ती यांनीं अधिकारसूत्रें हातीं घेतलीं. त्यांच्याबरोबर उपाध्यक्ष झाले ते एन्रीके तारिगो, दूरचित्रवाणीवर नकाराची बाजू मांडणारे. त्याच महिन्यांत राजबंद्यांना माफी मिळून ते बाहेर आले. त्यांत होसे मुहिका हे एक होते. पुढें २०१० सालीं ते त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. सुवर्णचषकाचा अंतिम सामना खेळला जात होता त्या दिवशीं ते एका लष्करी छावणीच्या कोठडींत होते.